परमुलखातून आलेले शिक्षक

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आंजी नावाचे गाव लागते. सरकारी कागदपत्रांत त्याची नोंद 'आंजी (मोठी)' अशी आहे. धाम नदीच्या खोऱ्यातले, काळ्या मातीचे, कापूस आणि तुरीचे हे गाव. सेवाग्रामला 1969 मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र येथे आहे, आणि देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले तरुण डॉक्टर शिक्षणाचा एक भाग म्हणून येथे येतात. सेवाग्रामला गेलो असता एका परिचित डॉक्टरांच्या सोबतीने आंजीला जाण्याचा योग मला आला. त्या भेटीतला एक साधा प्रसंग मनात राहिला आहे.

एक वयस्क बाई तपासणीसाठी बसल्या होत्या. समोरचा तरुण डॉक्टर परप्रांतातला होता. त्याने हिंदीत विचारले, "माँजी, क्या तकलीफ है?" बाई म्हणाल्या, "कालधरनं कसनुसं होऊन राह्यलं, बापा." डॉक्टरने मान डोलावली, पण त्याला काहीच उमगले नव्हते. त्याने शेजारच्या परिचारिकेकडे पाहिले. तिने 'घबराहट' म्हणून पाहिले, 'बेचैनी' म्हणून पाहिले, आणि शेवटी हसून म्हणाली, "सर, कसनुसं म्हणजे कसनुसंच." त्या मुलाने खिशातली वही काढली आणि तो शब्द देवनागरीत लिहून घेतला. पाच वर्षे वैद्यक शिकलेला तो तरुण त्या क्षणी त्या बाईंचा विद्यार्थी झाला होता.

हा प्रसंग पुन्हा आठवण्यास एक कारण घडले. आमच्या धर्मग्रामातील एक तरुणी माझ्याकडे शिफारसपत्र मागण्यासाठी आली. पूर्व आफ्रिकेतील एका गरीब खेड्यात सहा आठवडे स्वयंसेवक शिक्षिका म्हणून जाण्याची तिची इच्छा होती. पत्र लिहून देण्यात अडचण काहीच नव्हती, परंतु जाता जाता तिने विचारले, "फादर, सहा आठवड्यांत मी त्या मुलांना काय देऊ शकेन? खरं सांगा." तिच्या या प्रश्नाला मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. उत्तर शोधताना मला वर्धा जिल्ह्याचाच इतिहास आठवू लागला. कारण परक्या देशांतून गरीब खेड्यात शिकवण्यासाठी आलेली माणसे आपल्या महाराष्ट्राने पाहिली असतील, तर ती प्रामुख्याने येथे.

वर्ध्याची परिषद

गांधीजी 1934 मध्ये वर्ध्याला आले आणि 30 एप्रिल 1936 रोजी शेगाव या लहान खेड्यात राहावयास गेले. याच शेगावचे नाव 1940 मध्ये 'सेवाग्राम' झाले; विदर्भातल्याच दुसऱ्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाई, हे त्याचे कारण. गांधीजींच्या आधीच तेथे एक इंग्रज स्त्री राहत होती. ब्रिटिश नौदलातील एका ॲडमिरलची ती कन्या, मॅडेलीन स्लेड. आपण तिला मीराबेन या नावाने ओळखतो. शेगावपूर्वी वर्ध्याजवळच्या सिंदी गावात तिने स्वच्छतेचे काम आरंभिले होते. आश्रमातील मंडळी रोज सकाळी रस्त्यावरचा मैला उचलीत आणि गावकरी दुसऱ्या दिवशी रस्ता पुन्हा तसाच करीत. शिकवणारा उत्सुक आहे म्हणून शिकणारा तयार असतोच असे नाही, हा पहिला धडा वर्ध्याच्या कार्यकर्त्यांना सिंदीने दिला.

दुसरा मोठा प्रयोग शाळेचा होता. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात, म्हणजे पुढच्या नवभारत विद्यालयात, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे 1967 मध्ये राष्ट्रपती झाले, त्यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमण्यात आली आणि दोन महिन्यांच्या आत, 2 डिसेंबरला, तिने आपला अहवाल दिला. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषा हेच माध्यम, आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेले सारे विषय, हा त्या योजनेचा गाभा होता. शाळेच्या साडेपाच तासांपैकी 3 तास 20 मिनिटे उद्योगासाठी ठेवली होती. पुढच्याच वर्षी हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला. हीच 'नई तालीम'. आपल्याकडे ती मूलोद्योग शिक्षण या नावाने ओळखली गेली. 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' अशी पाटी असलेल्या शाळेत ज्यांचे बालपण गेले, त्या आपल्यातील वडीलधाऱ्यांनी टकळी हाताळली असेल.

टकळीवर सूत काढण्यात कसले आले शिक्षण, असा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला. वर्ध्याच्या मातीत त्याचे उत्तर होते. पऱ्हाटीचे बोंड फुटले की सरकी काढावयाची, कापूस पिंजावयाचा, पेळू करावयाचे आणि सूत कातावयाचे. तारा मोजताना गणित येई, कापसाची जमीन पाहताना भूगोल येई आणि तो कापूस कोठे जातो हे विचारताना इतिहास येई. हा इतिहास काही सुखाचा नव्हता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 1865 मध्ये, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाड आणि वर्धा खोऱ्यातील कापसाला अपूर्व मागणी आली. त्याच दशकात या भागात रेल्वे आली. 'हिंगणघाट' हे नाव विलायतेच्या बाजारात कापसाची एक जात म्हणून प्रसिद्ध झाले. कापूस येथून जाई आणि कापड तिकडून येई. पिकवणाऱ्याच्या अंगावर मात्र फाटके राही.

जाफन्याचा ख्रिस्ती शिक्षक

या प्रयोगाचा भार ज्यांनी खांद्यावर घेतला, त्यांत ख्रिस्ती माणसे होती ही गोष्ट आपल्या वाचकांना फारशी ठाऊक नसते. ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीत उभारणारे जे. सी. कुमारप्पा तंजावरकडचे ख्रिस्ती. झाकिर हुसेन समितीचे निमंत्रक आणि तालीमी संघाचे मंत्री ई. डब्ल्यू. आर्यनायकम् हे तर परदेशातूनच आलेले. सिलोनमधील, म्हणजे आजच्या श्रीलंकेतील जाफन्याचे तमिळ ख्रिस्ती. रवींद्रनाथ टागोरांचे सचिव म्हणून त्यांनी काम केले होते. त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली. शांतिनिकेतनच्या कलासंपन्न वातावरणातून हे दांपत्य वर्ध्याच्या उन्हात आले आणि पुढे सेवाग्रामच्या मातीच्या घरात राहिले.

त्यांचा लहानगा मुलगा आनंद येथेच मृत्यू पावला. परक्या मुलखात मूल गमावलेल्या आईबापांनी तो मुलूख सोडला असता, तर कोणीही त्यांना बोल लावला नसता. परंतु ही दोघे राहिली आणि दुसऱ्यांची मुले शिकवीत राहिली. आशादेवींना 1954 मध्ये पद्मश्री मिळाली. तो सन्मान योग्यच होता. पण त्यांनी जे दिले त्याची मोजदाद कोणत्याही सन्मानाने होण्यासारखी नव्हती.

मार्जरीबेन

आता ज्यांच्यासाठी मी हा लेख मुख्यतः लिहीत आहे, त्यांच्याकडे वळतो. मार्जरी साइक्स यांचा जन्म 11 मे 1905 रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, मेक्सबरो गावी झाला. कोळशाच्या खाणींचा तो प्रदेश. वडील शाळामास्तर होते आणि खाण-कामगारांची मुले शिकवीत. मार्जरी केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकल्या आणि 1928 मध्ये, तेविसाव्या वर्षी, मद्रासच्या बेंटिंक मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून आल्या. शाळा प्रॉटेस्टंट मिशनची होती. तेथे त्यांनी तमिळ आत्मसात केली आणि पुढे त्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. याच काळात त्या क्वेकर पंथात सामील झाल्या. शांतपणे एकत्र बसून प्रार्थना करणारा आणि युद्धात कोणत्याही कारणाने भाग न घेणारा असा हा लहानसा ख्रिस्ती पंथ आहे.

पुढे टागोरांच्या निमंत्रणावरून त्या शांतिनिकेतनला गेल्या. तेथे बंगाली शिकल्या आणि टागोरांच्या नाटकांची इंग्रजी भाषांतरे केली. त्यांतील तीन नाटकांचा संग्रह 1950 मध्ये प्रसिद्ध झाला. 'दीनबंधू' सी. एफ. अँड्र्यूज यांचे चरित्र त्यांनी बनारसीदास चतुर्वेदी यांच्यासह लिहिले. गांधीजींनी त्यांना सेवाग्रामच्या शिक्षणकार्यात बोलाविले होते. परंतु हाती घेतलेली कामे पुरी करून त्या सेवाग्रामला पोहोचल्या तेव्हा 1949 साल उजाडले होते. बोलावणारा आता या जगात नव्हता. 30 जानेवारी 1948 ला गांधीजींची हत्या झाली होती.

येथे क्षणभर थांबून हिशेब करावा. मार्जरीबेन सेवाग्रामला आल्या तेव्हा त्यांचे वय चव्वेचाळीस होते आणि भारतात येऊन त्यांना एकवीस वर्षे झाली होती. दोन भारतीय भाषांत त्यांनी काम केले होते. स्वतंत्र भारताचे नागरिकत्वही त्यांनी स्वीकारले. एवढ्या तयारीनंतर त्या खेड्यातील शाळेच्या दारात उभ्या राहिल्या, आणि तेथेही मुलांना थेट शिकवण्यापेक्षा खेड्यांत शिकवू शकतील असे शिक्षक घडविण्याचे काम त्यांनी पत्करले. तालीमी संघाच्या शिक्षक-प्रशिक्षणाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. निरनिराळ्या प्रांतांतून आलेली ही मंडळी स्वयंपाक, सफाई, शेती आणि कताई पाळीपाळीने करीत, आणि त्यातूनच शिकवावे कसे हे शिकत. ज्या इंग्लंडच्या गिरण्यांनी वर्ध्याचा कापूस नेला, त्या इंग्लंडमधून, लँकेशायरला लागून असलेल्या परगण्यातून आलेली एक बाई वर्ध्याच्या मातीत बसून सूत काढीत होती. इतिहासातील काही ऋणे अशी एखाद्या माणसाच्या हातून, थोडीशीच का होईना, फेडली जातात.

सेवाग्रामला त्यांनी दहा वर्षे दिली. 1959 मध्ये त्या निलगिरीतील कोटागिरीस गेल्या. 1964 मध्ये नागभूमीत शस्त्रसंधी झाल्यावर शांतता निरीक्षक पथकात त्यांनी काम केले. पुढे मध्य प्रदेशात होशंगाबादजवळच्या रसूलिया येथील क्वेकर ग्रामकेंद्रात राहिल्या. वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, 1988 मध्ये, त्यांचे नई तालीमच्या पन्नास वर्षांच्या इतिहासावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. 17 ऑगस्ट 1995 रोजी इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

यशाचा प्रश्न

हा सारा त्याग फळाला आला का? इतिहास लिहिताना हा प्रश्न टाळता येत नाही, आणि त्याचे उत्तर गोड करूनही सांगता येत नाही.

मूलोद्योग शिक्षण देशाने कागदोपत्री स्वीकारले. उत्तर प्रदेशात प्राथमिक शिक्षणाच्या सरकारी खात्याच्या नावात 'बेसिक' हा शब्द आजही आहे. परंतु बहुतेक ठिकाणी जुन्याच शाळेला नवी पाटी लागली आणि कपाटात टकळ्या आल्या. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघावा या कल्पनेवर 1937 च्या परिषदेतच प्रा. के. टी. शहा यांनी आक्षेप घेतला होता. मुलांनी केलेला माल गरीब कारागिराच्या मालाशीच स्पर्धा करील, असे त्यांचे म्हणणे होते. त्याहून खोल दुखणे वेगळे होते. ज्यांच्या पिढ्यान्पिढ्या हाताने राबण्यातच गेल्या होत्या, त्या समाजांतील पालकांना शाळेत पुन्हा हातांचेच काम नको होते. त्यांना आपल्या मुलांसाठी अक्षर हवे होते, इंग्रजी हवी होती, कचेरीतली खुर्ची हवी होती. शहरातल्या सुखवस्तू माणसाने आपला मुलगा इंग्रजी शाळेत घालावा आणि खेड्यातल्या मुलाला टकळी द्यावी, हे त्यांना कसे पटावे? त्यांची ही शंका चुकीची होती असे मला म्हणवत नाही. शिक्षण आयोगाने 1966 मध्ये 'कार्यानुभव' हा सौम्य पर्याय पुढे केला. सेवाग्रामची शाळाही पुढे बंद पडली. 2005 मध्ये 'आनंद निकेतन' या नावाने ती पुन्हा सुरू झाली. आज तेथे आसपासच्या गावांतील मुले मराठीतून शिकतात, शेतात काम करतात आणि प्रश्न विचारतात.

तेव्हा प्रयोग पूर्णपणे यशस्वी झाला असे म्हणता येत नाही, आणि तो वाया गेला असेही म्हणता येत नाही. त्या शिक्षकांनी आपली योजना गावापुढे ठेवली. गावाने त्यातले काही घेतले, पुष्कळ नाकारले. मला त्यांचा मोठेपणा दिसतो तो यात की, नाकारले गेल्यावरही ती माणसे गावाला अडाणी म्हणून निघून गेली नाहीत.

राहणारा आणि येऊन जाणारा

परदेशी जाऊन गरिबांत काम करण्याची प्रथा विसाव्या शतकात जगभर वाढली. स्वित्झर्लंडचे अभियंते पिएर सेरेसोल 1934 च्या भूकंपानंतर आपल्या काही साथीदारांना घेऊन बिहारमध्ये आले आणि उद्ध्वस्त गावे पुन्हा बांधण्यासाठी मजुरांबरोबर राबले. ब्रिटनमधून 1958 पासून तरुण स्वयंसेवक परदेशी जाऊ लागले. अमेरिकेची 'पीस कोअर' 1961 मध्ये निघाली. तिचे स्वयंसेवक त्याच वर्षी भारतात आले आणि 1976 पर्यंत येथे काम करीत होते. त्यांची मुदत साधारण दोन वर्षांची असे. आता ती मुदत काही आठवड्यांवर आली आहे. प्रवास सोपा झाला, आणि जाणाऱ्याचा मुक्काम आखूड झाला.

आपल्या परंपरेत याविषयी एक जुना दाखला आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय 1579 मध्ये गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले ते 1616 मध्ये. मध्ये सदतीस वर्षे गेली. साष्टीच्या खेड्यांतून फिरताना येथल्या लोकांची बोली आणि त्यांच्या पुराणांची ओवी त्यांच्या कानी मुरली, तेव्हा कोठे ते मराठीत बोलू लागले. आणि म्हणूनच चारशे वर्षांनंतरही आपण त्यांना परका म्हणत नाही.

या मोजपट्टीने पाहता माझाही एक हिशेब चुकता करावयाचा आहे. धर्मगुरूपणाचे शिक्षण घेत असताना मला एक वर्ष एका आदिवासी पाड्यावर शिकवण्यासाठी पाठविले होते. मी उत्साही होतो. मुलांची भाषा 'शुद्ध' करणे हे मी माझे पहिले कर्तव्य मानले. एक मुलगा फार बोलका होता. नदीतल्या माशांची नावे तो घडाघडा सांगे. प्रत्येक वाक्याला मी त्याला अडवून त्याचे उच्चार सुधारीत असे. दिवाळीनंतर तो बोलेनासा झाला. शाळेत येई, पण शेवटच्या रांगेत बसे. माझे वर्ष संपले, निरोपाचा समारंभ झाला, मुलांनी हार घातले आणि मी परत आलो. माझ्या कार्याचा अहवाल उत्तम होता. त्या माशांपैकी एकाचेही नाव मला आज सांगता येत नाही. त्या मुलाने ती मला शिकवू पाहिली होती, हे माझ्या ध्यानी आले तोवर फार उशीर झाला होता.

म्हणून ती तरुणी शिफारसपत्र घेण्यासाठी पुन्हा आली, तेव्हा मी तिला म्हणालो, "जा. पण सहा आठवड्यांत आपण काही देऊन येऊ, हा विचार येथेच ठेवून जा. सहा आठवड्यांत फार तर ओळख होते. तिथला जो शिक्षक वर्षभर त्या मुलांत असतो, त्याचे ऐक. तू गेल्यावरही तोच तेथे असणार आहे. आणि एक वही ने. तू काय शिकवलेस ते त्या वहीत लिहू नकोस. मुलांनी तुला जे शब्द शिकविले, तेवढेच लिही."

ती गेली आणि परत आली. एका रविवारी मिस्सानंतर तिने ती वही मला दाखविली. त्यात सत्तेचाळीस शब्द होते. पाणी, भाकरीसारखा एक पदार्थ, शेळी, पाऊस, थोरली बहीण; प्रत्येकापुढे मराठी अर्थ लिहिला होता. एका शब्दापुढची जागा मात्र कोरी होती. मी तिच्याकडे पाहिले.

"तो शब्द मुलांनी मला खूप वेळा समजावला, फादर," ती म्हणाली. "मला तो आता कळतो. पण मराठीत नाही सांगता येत."

मी वही मिटून तिच्या हातात दिली. मला आंजीच्या त्या बाई आठवल्या, आणि खिशातून वही काढून 'कसनुसं' हा शब्द लिहून घेणारा तो परप्रांतीय मुलगाही आठवला.